कंपाउंडरची रम

कंपाउंडरने अननसाचा रस मोजपेल्यात ओतला, पेला डोळ्यांसमोर धरला आणि दोन थेंब जास्त दिसले म्हणून ते परत पातेल्यात टाकले.

"अहो, दारू आहे ती. दोन थेंबांनी कुणी मरत नाही," बायको म्हणाली.

"नोकरी मरते," तो म्हणाला.

खरंच होतं ते. महिन्यापूर्वी डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला निघून गेले. सव्वीस वर्षं हाताखाली राबलेल्या माणसाला त्यांनी काय दिलं? हा काचेचा मोजपेला आणि पाठीवर थाप. थापेची भाजी होत नाही. चौपन्नाव्या वर्षी कंपाउंडर दारोदार फिरला. शेवटी कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलच्या मॅनेजरने विचारलं, "बारमधला अनुभव?"

"नाही. पण सव्वीस वर्षं मिश्रणं बनवतोय."

मॅनेजर पोट धरून हसला. मग म्हणाला, "उद्या सहाला घरी येतो. आमच्या काउंटरवर अजून सुतार बसलेत. रम, अननस, नारळाचं दूध. पेल्यात घोटभर जरी उरलं, तर नोकरी विसरा."

पहिला घाणा कडू झाला. औषध कडू लागलं नाही तर लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही, ही डॉक्टरांची शिकवण. हाताने आपोआप लिंबाची सालं उकळून घातली. दुसऱ्यात लिंबाने नारळाचं दूध फाटलं. तिसरा मात्र असा जमला की चमचाभर चाखून कंपाउंडर खुर्चीतच बसला. रमही तेवढीच उरली होती; चौथा घाणा होणार नव्हता.

त्याने ते दवाखान्याच्या बाटलीत भरलं. मग त्याच्या हातांनी नेहमीचं काम केलं: कागदाची पट्टी घडी घालून कातरली आणि बाटलीला डकवली. आठ खुणा, आठ डोस. बाटली दाराजवळच्या टेबलावर, खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवली आणि तो बर्फ आणायला पळाला. घरातला बर्फ पहिल्या दोन घाण्यांनी खाल्ला होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई दारात आल्या. "वहिनी, घसा पार बसलाय हो! औषध आहे का?"

बायको न्हाणीघरात कपडे धूत होती. "टेबलावर आहे, न्या!" ती आतून ओरडली. बाईंनी नेलं. जास्त भरलेली बाटली नेली. फुकटात माणूस कमी भरलेली उचलतो होय?

साडेपाचला कंपाउंडर बर्फ घेऊन परतला आणि टेबल बघून त्याच्या पायाखालची जमीन सरकली. औषध गाण्याच्या बाईंनी नेल्याचं बायकोने सांगताच तो तसाच जिना चढून वर गेला. बाई, त्यांच्या पन्नाशीच्या तीन शिष्या आणि खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर गोल करून बसले होते. मधोमध बाटली. पाच खुणा खाली गेल्या होत्या.

"काय औषध आहे हो!" बाई म्हणाल्या. "वरचा सूर परवापासून लागत नव्हता, आता खाली यायला तयार नाही."

"बाई, ते औषध नाही! रम आहे त्यात!"

सगळ्यांनी बाटलीकडे पाहिलं.

"किती?" एका शिष्येने विचारलं.

"सहात दोन भाग."

"मग एका खुणेने काय होणार?" असं म्हणून ती खोकली. मग दुसरी खोकली. मग हेडमास्तर असे खोकले की भिंतीवरचा तंबोरा झंकारला.

कंपाउंडरने बाटली उराशी धरली आणि खाली धूम ठोकली. मागून सगळे, खोकत. वाटेत दोन दारं उघडली आणि तिथल्यांनाही खोकला झाला. आपण चांगली माणसं, आपण घेत नाही, असं वर्षभर सांगणारी ही मंडळी. औषध म्हटलं की सगळ्यांची सोय होते.

दारात बायको ओल्या हातांनी उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि बाटली काढून घेतली.

"वहिनी, खोकला फार आहे हो," हेडमास्तर म्हणाले.

"दर रविवारी जिन्यात दारूवर तासभर बोलता तेव्हा कुठे जातो खोकला? घरी जा. तांब्याभर पाणी प्या आणि जेवा."

"अर्धीच खूण—"

"नाही म्हटलं ना!" मग ती मधल्या शिष्येकडे वळली. "तुम्ही स्कूटरवर आलात ना? चावी द्या इकडे. उद्या सकाळी न्या. रिक्षा कोपऱ्यावर मिळेल."

शिष्येने निमूट चावी दिली. रांग कुरकुरत पांगली. शेवटी एकच माणूस उरला. तो खोकत नव्हता.

"मी मॅनेजर," तो म्हणाला.

कंपाउंडरने घाईघाईने पेल्यात बर्फ टाकला. बायकोने मोजून एक खूण ओतली. मॅनेजरने घोट घेतला, थांबला, डोळे मिटले आणि पेला उलटा करून शेवटचा थेंबही जिभेवर घेतला.

"अजून थोडं?"

"गाडीने आलात?" बायकोने विचारलं.

"हो."

"मग नाही."

कंपाउंडरने कपाळावर हात मारून घेतला. संपलं! सव्वीस वर्षं, तीन घाणे, सगळं पाण्यात.

मॅनेजरने पेला हळूच टेबलावर ठेवला. "कंपाउंडर, तुम्ही सोमवारपासून या. आत बसा आणि हेच बनवा. पण काउंटरवर मला वहिनी हव्यात."

"मी?" बायको म्हणाली.

"मागचा माझा बार बुडाला तो याच पायी. काउंटरवरचे मागेल त्याला ओतत गेले. मारामाऱ्या, अपघात, शेवटी टाळं. ओतणारे शंभर मिळतात हो. नाही म्हणणारं माणूस मिळत नाही."

"विचार करून सांगते," असं म्हणून ती आत निघून गेली.

दोघं पुरुष दारात उभे राहिले. मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला, "हो म्हणतील ना?"

"काय सांगू साहेब," कंपाउंडर म्हणाला. "मी लग्नाचं विचारलं होतं तेव्हाही हेच म्हणाली होती. अजून सांगितलेलं नाही."

आतून भांडी आवरल्याचा आवाज आला. मग बायकोचा.

"अहो मॅनेजर, सुतार अजून तिथेच आहेत, असं हे म्हणाले. त्यांना सांगा, काउंटर चार बोटं खाली घ्या. मी बुटकी आहे."