बरकतीचा कॅमेरा

हार्ड डिस्क कायमची गेल्याचं दुरुस्तीच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, तेव्हा डेसमंड ऑस्ट्रेलियातल्या हॉबर्टमध्ये आपल्या स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होता. डिस्कमध्ये त्याच्या बायकोचे, नोएलीनचे, सगळे फोटो होते. नोएलीन गेल्या जुलैत, तिकडच्या ऐन थंडीत वारली होती.

"आता डिजिटल बंद. फोटो काढायचा तो रोलवर," डेसमंडने जाहीर केलं. पहिला फोटोही ठरलेला होता. नोएलीनची थोरली बहीण लोर्ना हसली की हुबेहूब नोएलीन दिसायची, आणि लोर्ना सोमवारी कायमची पर्थला मुलीकडे निघाली होती.

शनिवारी हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या बोल्स क्लबच्या हॉलमध्ये जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार भरला. वीस वर्षं डिजिटलवर लग्नांचे फोटो काढलेला डेसमंड भेंडी निवडावी तसे कॅमेरे निवडू लागला. एक उचलला, कानाशी धरून खटका दाबला आणि सवयीने उलटा करून मागे पाहिलं. मागे नुसतं काळं चामडं.

"कसा आलाय फोटो?" टेबलामागच्या मर्व्हने विचारलं.

"चामडं अस्सल आहे का बघत होतो."

"हा हलका घे. शिकायला बरा."

"शिकायला? अर्ध्या गावाची लग्नं माझ्या हातून गेलीत."

"टिकली किती त्यातली?"

डेसमंडने सगळ्यांत जड कॅमेरा उचलला. तो गळ्यात अडकवला की माणूस आपोआप नम्र दिसायचा. बदल्यात त्याने आपला डिजिटल कॅमेरा देऊन टाकला.

"रोल भरून देऊ?"

"वीस वर्षं," डेसमंड एवढंच म्हणाला.

रविवारी लोर्नाच्या अंगणात लॅमिंग्टन केक खाऊन झाल्यावर काम सुरू झालं. डेसमंड खटके दाबत होता, लोर्ना दात दाखवत होती. हसत मात्र नव्हती.

"डेस, गाल दुखले रे माझे. रोलमध्ये छत्तीसच मावतात ना?"

"जुन्या वस्तूंना बरकत असते."

बरकत आणखी बराच वेळ चालली. शेवटी डेसमंडलाच शंका आली. त्याने कॅमेऱ्याची पाठ उघडली. रोलचं टोक चक्रात अडकलंच नव्हतं. भरला तसा रोल जागच्या जागी होता.

"म्हणजे एकही नाही?" लोर्नाने वाकून विचारलं.

"एकही नाही."

लोर्नाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती हसली. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अगदी नोएलीनसारखी. डेसमंडच्या हातात उघड्या पोटाचा कॅमेरा, फोन गाडीत.

"थांब, हसत राहा," तो रोलशी झटत म्हणाला.

"हसत राहायला मी काय नळ आहे?"

सोमवारी लोर्ना पर्थला गेली. रोल आता नीट बसला आहे. लोर्नाचा हसतानाचा फोटो काढायचा राहिला आहे.