प्रेरणा घेईपर्यंत सायकल जमा

पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांना सगळे ताठेराव म्हणत. आडनाव वेगळंच होतं. पण त्यांना वाकता येत नसे, म्हणून हे पडलं आणि चिकटलं. कमरेचे मणके झिजलेले, गुडघे जिना दिसला की कुरकुरणारे. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, पट्टा बांधून पाहिला आणि शेवटी खरं ते सांगून टाकलं. "दुखणं जायचं नाही. पण बसून राहिलात तर वाढेल. सायकल चालवा. बेतानं, पण रोज."

ताठेरावांनी सायकल घेतली. सायकलवाल्याने सीट जरा वर, जरा मागे, हँडल उंच, असं करत करत ती त्यांच्या कमरेला जुळवून दिली. चढ आला की ते निमूट उतरत आणि सपाटीला हलका गिअर टाकून चालवत. दुखणं होतंच, पण घरजावयासारखं; आहे म्हणायचं आणि आपलं काम करायचं. बऱ्याच वर्षांनी ते मोजे स्वतःच्या हाताने घालू लागले. या गोष्टीचा त्यांना पदोन्नतीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

दुर्दैवाने याच सुमारास कार्यालयात निरोगी कर्मचारी अभियान सुरू झालं. साहेबांनी त्यांना फाटकातून येताना पाहिलं आणि वर बोलावलं.

"पाठ दुखते, तरी सायकल?"

"दुखते म्हणूनच, साहेब."

साहेब गहिवरले. वाक्य मोठ्या अक्षरांत दर्शनी भिंतीवर लागलं. वाक्याखाली जागा रिकामी दिसत होती, म्हणून तिथे सायकल उभी केली. तिला कोणी हात लावू नये म्हणून भोवती दोरी आली, आणि दोरी आल्यावर रखवालदार आलाच.

"मी घरी कसा जाऊ?" ताठेरावांनी विचारलं.

"कार्यालयाची गाडी आहे ना! प्रेरणास्थानाने लंगडत जाणं बरं दिसत नाही."

मग सत्कार सुरू झाले. सत्काराचा सोफा असा होता की माणूस बसला की गुडघे कानाशी यायचे. त्यावर दुपारभर बसून ताठेराव बैठ्या कामाच्या तोट्यांवरची भाषणं ऐकत. शेवटी दोघं जण त्यांना दंडाला धरून उठवत, आणि सभागृह टाळ्या वाजवी. मोजे पुन्हा बायको घालू लागली.

"अहो, माझ्या भावाची सायकल धूळ खात पडली आहे, ती न्या," ती म्हणाली.

मेव्हण्याच्या सायकलवर ते कसेबसे कार्यालयात पोचले. रखवालदाराने सलाम ठोकून तीही दोरीच्या आत घेतली. दोन सायकली झाल्यामुळे त्या जागेला आता दालनाचा दर्जा मिळाला. मेव्हण्याने बोलणं टाकलं.

शेवटी ताठेराव कळवळून म्हणाले, "साहेब, मला सत्कार नको. मला माझी सायकल द्या. मी जाम झालोय."

साहेब काही दगड नव्हते. त्यांनी समिती नेमली. समितीने बसून, चहा घेऊन, पुन्हा बसून निर्णय दिला: सायकल प्रेरणेसाठी जमा आहे; सबब, एका तरी कर्मचाऱ्याने प्रेरणा घेऊन प्रत्यक्ष सायकल चालवल्यास हेतू साध्य झाला असं समजून ती परत करावी.

एक तरी! ताठेरावांना हायसं वाटलं. एवढ्या टाळ्या वाजवणाऱ्यांत एक मिळणार नाही? भिंतीचा आधार घेत ते टेबलाटेबलाशी गेले.

"सोमवारपासून नक्की," लेखापाल म्हणाले. टंकलेखिकाबाई बूट आले की सुरू करणार होत्या. मोठे बाबू तर सायकलीविषयी तासभर इतकं पोटतिडकीने बोलले की ऐकता ऐकता ताठेरावांना खुर्ची घ्यावी लागली. प्रेरणा सगळ्यांनी घेतली होती. सायकल कोणी घेतली नव्हती.

समितीने पुन्हा बसून अट सैल केली. आता कर्मचारीच हवा असं नाही, कोणीही चालेल. अगदी ही गोष्ट वाचणारासुद्धा.

तेव्हा वाचकहो, ताठेराव तुमच्याच दाराशी उभे आहेत. तुम्ही आत्ता कसे बसला आहात, मान कुठे आणि कंबर कुठे, हे त्यांनी पाहिलं आहे. पण ते बोलणार नाहीत, गरजू आहेत. फार काही नको, सायकल काढून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या, की त्यांची सुटली.

काय म्हणता? उद्यापासून?

चालेल. सावकाश होऊ द्या. तोवर ते सोफ्यावर बसतील.