शेजारचा पाट

कुकटपल्लीतल्या एका खोलीत आम्ही पाळीपाळीनं जेवायचो, कारण सगळ्यांनी एकदम बसायला जागाच नव्हती. वडील कारखान्यावर वॉचमन. अशा घरातून मी ग्रॅज्युएट झालो, आमच्या खानदानात पहिला. तेव्हा गल्लीभर पेढे वाटले ते शेजारच्या नरहरीकाकांनी.

काका आमच्या पक्षाचे वॉर्ड अध्यक्ष. पक्ष धर्माच्या नावानं चालणारा. तरी प्रत्येक बैठकीत काकांची सुरुवात ठरलेली. "मी नरहरी. मी गे आहे. यादगिरी माझा माणूस. झालं? आता विषय पहिला, नाली!"

मी एकदा विचारलं, "काका, दर वेळी कशाला?"

"आपणच मोठ्यानं सांगावं रे. मग मागं कुजबुजायला काही उरत नाही. बोअर होतात बिचारे."

सोवळं-ओवळं मात्र भयंकर कडक. एका एकादशीला शहराध्यक्षांच्या मिशीत बिर्याणीचं शीत दिसलं, तर यांनी भर सभेत रुमाल पुढं केला. "पुसा साहेब, देव बघतोय."

यंदा पक्षाच्या ऑफिसात सत्यनारायण होता. वॉर्ड अध्यक्षानं जोडप्यानं पूजेला बसायचं, ही आमची रीत. दोन पाट मांडलेले. शहराध्यक्ष काकांना म्हणाले, "नरहरी, बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोच आणि बस एकटा. शास्त्रात सोय आहे."

"सोय बायको गावाला गेलेल्याची आहे. माझा कुठं गेलाय? तो काय, केळीचे खांब बांधतोय."

"मग अध्यक्षपद दुसऱ्याला द्यावं लागेल."

"द्या की! मिरवणुकीची परवानगी, पोलीस, मांडव, सगळं त्यालाच बघू दे."

शहराध्यक्षांनी खिशातून फोन काढला. यादगिरी सिकंदराबादला रेल्वेत आहे, बोलणं कमी. हात पुसत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "लगा ले ना सुपारी. मैं पीछे बैठता. मेरा क्या है?"

काकांनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम बारीक.

"नांदेडहून भावाचा फोन येतो. पुतण्याचं लग्न, पुतणीचं लग्न. दर वेळी म्हणतो, 'दादा, एकटाच ये हं.' मी एकाही लग्नाला गेलो नाही रे. इथं पण एकटंच बसायचं का?"

माझी डिग्री काही कामाला आली नाही.

गुरुजींना पुढं विद्यानगरला दुसरी पूजा होती. ते वैतागून ओरडले, "वेळ चाललीय! यजमान बसा, आणि हाताला हात लावायला जे कुणी असेल ते या लवकर!"

काका पाटावर बसले. मी यादगिरीला ढकललंच. तो शेजारच्या पाटावर बसला आणि काकांच्या हाताला हात लावला. शहराध्यक्ष फोनमध्ये डोकं घालून बसले. उठून मात्र गेले नाहीत.

गुरुजी म्हणाले, "नाव, गोत्र सांगा." सभा गाजवणाऱ्या आमच्या काकांना स्वतःचं नाव सांगता येईना. ते यादगिरीनं सांगितलं.

पूजा दोघांनी मिळून पूर्ण केली. अध्यक्ष आजही नरहरीकाकाच आहेत.