चहातली धूळ

मैदानावरचा जुना एन्कोडर, म्हणजे सामन्याचं चित्र वाहिनीला पाठवणारा डबा, काढून नवा लावायचा, एवढंच बुरुलनं ठरवलं होतं. बिश्केकला शिकून आलेली, तडफदार मुलगी (वडीलधारे याला उद्धटपणा म्हणतात). नारीन गावच्या छोट्या टीव्ही वाहिनीत तीस वर्षं मुख्य इंजिनिअर असलेला शार्शेन-आके तिचा सख्खा काका; तिकडे थोरल्यांना मानानं 'आके' म्हणतात.

"जुन्या डब्याला काय धाड भरली होती?"

"आके, या डब्यातला नवा कोडेक निम्म्या डेटात दुप्पट स्वच्छ चित्र पाठवतो. जे हललं नाही, ते परत पाठवतच नाही. हुशार आहे."

"बरं. पण दुसऱ्या डावात चित्र फाटलं, तर जुना डबा परत जागेवर आणि तू लग्नांच्या शूटिंगला."

घोड्यांवरून खेळायच्या कोक-बोरूचा अंतिम सामना सुरू झाला. घोडे उधळले, धूळ उठली आणि पडद्यावर नुसते राखाडी चौकोन नाचू लागले. धुळीचा कण न् कण हलत होता, आणि हुशार कोडेक प्रत्येकाची खबर पोचवताना धापा टाकत होता.

मॉस्कोहून आत्याचा फोन. "बुरुल, घोडे कुठायत गं? मला फरशी दिसतेय!"

डाव संपताच मैदानाकडेच्या खोलीत बुरुल लॅपटॉपवर तुटून पडली. हे वाढव, ते घटव. मान वर नाही.

"चहात माती," आके पुटपुटला आणि चहाची वाटी घेऊन बाहेर गेला.

दुसरा डाव. चित्र लखलखीत! आयाळीतला केस न् केस मोजून घ्यावा.

"अगं, घोड्यावरच्या तुझ्या भावानं दाढी केली नाही, तेही दिसतंय!" आत्या ओरडली.

नारीन जिंकलं. बुरुल खुर्चीवर चढली. "आके, नुसतं वय असून भागत नाही, सेटिंग जमावं लागतं!" असं तिनं पुरी दहा मिनिटं सुनावलं. परत आलेला आके चहा पीत राहिला.

विजेत्या घोड्यांची फेरी सुरू झाली. बुरुल ऐटीत खाली बसली. लॅपटॉपवर मघापासून एक प्रश्न ताटकळत होता: 'बदल लागू करायचे?'

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मैदान ओलंचिंब. कडेला अग्निशमन दलाचा टँकर.

"त्यांचा साहेब माझा व्याही," आके म्हणाला. "म्हटलं, मार थोडं पाणी. चहा तरी नीट पिता येईल."

बुरुल लालबुंद झाली. "म्हणजे माझं सेटिंग अजून लागलंच नाही? मग आता बघाच खरी कमाल!"

तिनं ठसक्यात 'हो' दाबलं.

फोन वाजला.

"बुरुल, फरशी परत आली गं!"