पाणवठा कचेरीतला महागडा माऊस

एका जंगलात, मुलांनो, उन्हाळा लागला की एकच पाणवठा उरत असे. तिथे ढकलाढकली नको म्हणून सिंहमहाराजांनी एक कचेरी उघडली. कचेरीत एक कॉम्प्युटर होता. त्यावर धोंडूनाना नावाचे वानर बसत. प्राणी येत, नाना माऊस दाबत, प्राण्याला पाण्याचा नंबर मिळे.

जंगलात एक नियम फार चांगला होता. कचेरीच्या वेळेत कोणी कोणाला खायचं नाही.

पाच वाजता कचेरी बंद होई. मग नाना समोरच्या उंच अर्जुनाच्या झाडावर सरसर चढून बसत.

कचेरीतला माऊस जुना होता. चारचारदा दाबल्याशिवाय हलत नसे. दाबून दाबून नानांचं मनगट धरलं. एका संध्याकाळी फांदीवरून उजवा हात सुटला. डाव्या हाताने फांदी पकडली म्हणून नाना वाचले.

खाली बिबटेराव उभे होते. ते खरेदी समितीचे अध्यक्ष.

"नाना, हात कसा आहे?" त्यांनी फार मायेने विचारलं.

"दुखतो, साहेब. माऊस बदलून मिळाला तर..."

"अर्ज करा. सहानुभूतीने विचार करू."

नानांनी अर्ज केला. समिती बसली. बिबटेराव, गजाभाऊ हत्ती आणि एक मोर. तिघांपैकी कोणीही जन्मात माऊस धरला नव्हता. त्यामुळे चर्चा अगदी मोकळेपणाने झाली.

"मोठा घ्या," हत्ती म्हणाला.

"दिवे लागतात का त्यात?" मोराने विचारलं.

"बारा रंगांचे," विकणारा कोल्हा म्हणाला. "शिवाय हा उभा आहे. हात आडवा पालथा पडत नाही, मनगटाला पीळ बसत नाही."

कोल्हा त्या दिवशी खरं बोलत होता. पण ते कोणी ऐकलं नाही.

"किंमत?" बिबटेरावांनी विचारलं.

"मधाची चाळीस पोळी."

"मग चांगलाच असणार!"

माऊस आला. त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नाना वरचं प्लास्टिक काढायला गेले, तसे गजाभाऊ ओरडले, "अहो, अहो! ओरखडा पडला म्हणजे? महाराज उद्घाटनाला यायचे आहेत. तोवर प्लास्टिक राहू द्या."

"कधी यायचे आहेत?"

"यायचे आहेत."

प्लास्टिकवरून नानांचा हात सटके. म्हणून ते माऊस घट्ट आवळून धरत. मनगट आणखी सुजलं.

कचेरीत साळूमावशी नावाची साळिंदर झाडलोट करी. तिने तीन दिवस नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी ती एक चपटा दगड ढकलत घेऊन आली.

"नाना, तुमची बैठक खोल आहे. हात वर टांगल्यासारखा राहतो. हा घ्या बुडाखाली."

"आणि हे प्लास्टिक?"

"ते मला सांगू नका. मी झाडणारी."

नाना दगडावर बसू लागले. आठवड्यात दुखणं निम्मं झालं. ते पुन्हा सरसर झाडावर चढले. खाली कोणीतरी सुस्कारा टाकला.

दुसऱ्याच दिवशी समिती पाहणीला आली.

"हा धोंडा कसला?" मोर म्हणाला. "इतक्या देखण्या वस्तूशेजारी?"

"साहेब, त्यानेच तर बरं वाटतंय."

"बरं वाटतंय ना?" बिबटेराव म्हणाले. "म्हणजे माऊसचा गुण आला. मग दगड कशाला?"

अहवालात तसं लिहिलं गेलं. दगड गजाभाऊंनी सोंडेने उचलून पाण्यात टाकला.

पुढे पंधरा दिवसांनी, पाच वाजून दहा मिनिटांनी, अर्जुनाच्या तिसऱ्या फांदीवर नानांचा हात सुटला. या वेळी डावा पोचला नाही.

कचेरी बंद झालेली होती. नियमभंग झाला नाही.

शोकसभेत बिबटेराव नानांच्या सेवेबद्दल फार चांगलं बोलले. मध्ये एक ढेकर आला, तेवढाच.

महाराज अजून यायचे आहेत. खुर्चीवर आता तिसरा वानर बसतो. काल त्यानेही अर्ज केला म्हणतात.

तात्पर्य: महागडा माऊस किंमत वसूल करतोच. तिसरा कारकून आला, अजून त्यावर एक ओरखडा नाही.