पूलवाल्या सरांचा पूर्वपक्ष

पैज लागली ती जिन्यात, आणि लावली शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी.

"सर, उद्याचं भाषण दहा मिनिटांत संपवलंत तर मी ही मिशी काढेन. नाही संपलं, तर तुम्ही चारचौघांत खुर्चीवर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, मला काही कळत नाही."

"मंजूर," सर म्हणाले. मागं त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला.

सरांना सगळे पूलवाले सर म्हणत. भारतीय आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानांत पूल बांधतोय, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर वाहतूक कधी सुरू होणार म्हणून विचारलं होतं. पण पुलाच्या मधोमध उभ्या माणसाला दोन्ही काठ परका समजतात. पोथीवाले म्हणत, हा तिकडचा. तिकडचे म्हणत, हा पोथीवाला. त्यामुळे सर कुठंच नोकरीत कायम झाले नाहीत. आता विद्यापीठात दोन्हींचा मिळून नवा विभाग निघत होता. प्रमुखाच्या जागेसाठी निवड समितीपुढं दहा मिनिटांचं भाषण, तेही सगळ्यांना खुलं. सरांचं वय पाहता ही शेवटची संधी. हुकली, की घरी बसून भाजी निवडायची.

"आधी स्वतःचं म्हणणं सांगा," बायकोनं वाटेत बजावलं.

"अगं, शास्त्रात तसं नसतं. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला स्वतःला जमणार नाही इतकं झकास. तो पूर्वपक्ष. मग ते पाडायचं."

"आणि पाडायच्या आधीच घंटा झाली तर?"

"विद्यापीठ आलं," म्हणत सर उतरले.

सभागृह भरलेलं. अध्यक्षबाईंचा हात घंटेवर. शेजारी समितीचे तज्ज्ञ, टोपणनाव खोडरबर. सरांनी लिहिलेली प्रत्येक ओळ त्यांनी आजवर खोडून काढली होती. सर उकडतंय म्हणाले, तर हे स्वेटर घालतील.

सर सुरू झाले. "हा पूल होऊच शकत नाही. इकडचे सुटायचं कसं ते शोधतात, तिकडचे सिद्ध कसं करायचं ते. दोन वेगळ्या गावांच्या प्रवाशांना एका तिकिटात कोंबायचं, याला विभाग म्हणत नाहीत." टाळ्या पडल्या, तसे सर आणखी रंगले. पहिल्या रांगेत बायको हातानं 'वळा, वळा' करत होती. डॉक्टर मिशीवरून बोट फिरवत घड्याळ बघत होते.

सर घोटभर पाणी प्यायले, हसले. "आता यावर माझं म्हणणं..."

घंटा झाली.

"बाई, आत्तापर्यंतचं माझं मत नव्हतं. मी समोरच्याचं मांडत होतो."

"समोर आम्ही आहोत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्ही असं काही म्हटलेलं नाही. विभागच नको, तर प्रमुख कशाला?" त्यांनी पेनाला टोपण लावलं.

इतक्यात खोडरबर उठले. बिचारे नेमकं हेच बोलायची तयारी करून आले होते, आणि सर ते आधीच बोलून बसले होते. आता सरांना हो म्हणायचं? शक्यच नव्हतं.

"साफ चूक," ते म्हणाले, आणि सरांचा एकेक मुद्दा घेऊन त्याचा भुगा करत सुटले. पूल होतो कसा, हवा का, आजवर झाला नाही ही लाज कशी. त्यांच्यासाठी घंटा कुणी वाजवली नाही. सर मान डोलावत राहिले. त्यांचं उरलेलं भाषण अगदी हेच होतं.

"विभागाचं पटलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण ह्यांना विषय कळतो का, हा प्रश्न राहतोच."

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, पैज."

"डॉक्टर, आत्ता नको हो," सरांची बायको कळवळली.

"चारचौघांत ठरलं होतं वहिनी. इथं तर गावजेवणाएवढी माणसं आहेत."

शब्द दिला होता. सरांनी खुर्ची ओढली, डुगडुगत वर चढले आणि डोळे मिटून मोठ्यानं म्हणाले, "मला काही कळत नाही."

खोडरबर ताडकन उभे राहिले. "साफ चूक. ह्या माणसाला सगळं कळतं."

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "तज्ज्ञांचं मत म्हणून लिहून घेते."

खोडरबरांचं तोंड उघडंच राहिलं.

"उतरू का?" सरांनी वरून विचारलं.

"नाही," खोडरबर म्हणाले.