पाटोद्याच्या महाविद्यालयात वाचक शिरल्याची हकीकत

शास्त्राची प्रगती लिहिणाऱ्यांमुळे होते. वाचणाऱ्यांचा तिला फारसा उपयोग नाही, आणि पाटोद्याच्या आमच्या महाविद्यालयाला तर त्यांचा एकदा भलताच त्रास झाला.

वनस्पतिशास्त्राच्या उत्तरेश्वर सरांच्या नावावर एकशे एकेचाळीस शोधनिबंध आहेत. विषय अकरा. माती, हृदयरोग, सूर्यावरचे डाग, मेंढ्यांचे दात, समुद्राच्या लाटा (समुद्र सरांनी पाहिलेला आहे, पण तेव्हा ओहोटी होती) आणि बाकीचे सरांना यादी पाहून सांगता येतात. दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधाचा हवाला दिला की एक सायटेशन होते. सर आणि त्यांचे चार मित्र नेमाने एकमेकांचा हवाला देत. कोणी कोणाला वाचायचं नाही, हा सभ्यपणा त्यांनी आठ वर्षं पाळला. सरांची सायटेशनं नऊशे अठ्ठ्याण्णव झाली होती. हजाराला बढती होती.

अशा मोक्याच्या वेळी महाविद्यालयात एक वाचक शिरली.

स्टँडसमोर सीताफळं विकणाऱ्या जिनतआपा. लेकीच्या कार्डावर ग्रंथालयातून नेलेला निबंध त्यांच्या हातात होता: ‘औष्णिक राखेतील सीताफळांचा टिकाऊपणा’. (सरांचा मराठीत छापलेला हा एकच. बाकीचे इंग्रजीत असल्याने सुरक्षित होते.)

“सर, ह्ये तुमीच लिवलं ना? राखेत ठिवलं की सीताफळ आठ दिस टिकतंय म्हून?”

“हो. म्हणजे, आमच्या गटाने.”

“मी परळीच्या वीज केंद्रातली राख आणली. चाळीस कॅरेट माल त्यात मांडला. दुसऱ्या दिशी समदा काळा पडला. कावून, सर?”

सरांनी निबंध हातात घेऊन पानं मोजली. निबंध त्यांनीही वाचलेला नव्हता. आपांनी मग कार्यालयात रीतसर लेखी तक्रार दिली आणि त्या निघून गेल्या.

प्राचार्यांनी तातडीची बैठक बोलावली. वाचक आला कुठून, यावर तीन तास चर्चा झाली. शेवटी ग्रंथपाल नाथा यांना कारणे दाखवा नोटीस निघाली (ग्रंथालय उघडं ठेवल्याबद्दल).

त्या संध्याकाळी सरांनी स्वतःचा निबंध पहिल्यांदा वाचला. भाषा त्यांना आवडली. पण तक्त्यातलं सीताफळ आठव्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा कच्चं झालं होतं. ते पाहून सर जेवले नाहीत.

सकाळी ते आपांच्या गाड्यावर गेले.

“आपा, दोन कॅरेट द्या. करून बघतो.”

“आता? छापून झाल्यावर?”

“आता.”

नऊ दिवस सर गाड्यामागे स्टुलावर बसले. थोडी फळं राखेत, थोडी पोत्यात, थोडी गवतात. दर दोन तासांनी दाबून बघायची, वहीत लिहायचं, मधे गिऱ्हाईक आलं तर तोलून द्यायचं. उद्या काय होईल हे आधी माहीत नसण्याची सरांना सवय नव्हती. त्यामुळे ते पहाटेच उठून येत आणि फळ पिकलं की आपांना हाका मारत. बायकोला वाटलं, सरांना ताप आला असावा.

निष्कर्ष एवढाच निघाला: राखेत फळ काळं पडतं, कोरड्या गवतात, सावलीत, सुटंसुटं ठेवलं तर एक दिवस जास्त टिकतं.

“एकच दिवस, आपा,” सर ओशाळून म्हणाले.

“एक दिस लई झाला, सर. एका दिसात माल पुण्याला पोचतोय.”

सरांनी हे अर्ध्या पानात लिहून सहा नियतकालिकांना पाठवलं. सहाही ठिकाणांहून ते परत आलं. कारणं: लेखक एकच, संदर्भ शून्य, आणि निष्कर्ष समजतो.

इकडे कार्यालयाने जुन्या निबंधाची नोंद अद्ययावत केली. आपांच्या तक्रारीत निबंधाचं नाव पूर्ण होतं, सबब एक सायटेशन. नाथांच्या नोटिशीतही होतं, सबब दुसरं. हजार भरले. बढतीचा आदेश निघाला.

सर घाबरून प्राचार्यांकडे गेले. “साहेब, निबंध खोटा आहे. मला मागे घ्यायचाय.”

“लेखी द्या,” प्राचार्य म्हणाले.

सरांनी लेखी दिलं. एक हजार एक.

हल्ली सर दुपारनंतर गाड्यावर असतात आणि विचारणाऱ्याला गवताचं समजावून सांगतात. महाविद्यालयाच्या फाटकावर मात्र सायटेशनांचा भला मोठा फलक लागला आहे. तुम्ही आता हसताय, ते ठीकच आहे. जूनमध्ये मुलांचा प्रवेश घ्यायला तुम्ही त्याच फाटकापाशी याल, मान वर करून आकडा वाचाल, “कॉलेज नामांकित दिसतंय” म्हणाल आणि अर्जाच्या रांगेत आमच्या पुढे घुसाल.